नखीखालचा दाणा

शालिक, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. पेपरात बातमी आली, रानडुकराच्या हल्ल्यात शेतकऱ्याचा मृत्यू, चार ओळी. नाव बरोबर होतं, वय मात्र तीन वर्षांनी जास्त छापलं होतं. तू असतास तर तो पेपर घेऊन माझ्या दुकानात आला असतास आणि म्हणाला असतास, "पाय गा मिस्त्री, मारलं ते मारलं, वरून मले बुढा बी करून टाकलं." हे वाक्य मला तुझ्याच आवाजात ऐकू आलं आणि भर दुपारी, हातात कानस धरून, मी रडलो. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला वाटलं डोळ्यात लोखंडाचा कीस गेला. मीही तसंच सांगितलं.

तू माणूस कसा होतास हे लिहायला मी बसलेलो नाही. ते तुझ्या गावाला ठाऊक आहे, आणि तेरवीच्या दिवशी सगळ्यांनी बोलून दाखवलं. मला तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाजवळ बोलता येत नाही. तुझ्या रायफलीतून काय निघालं ती गोष्ट. वहिनीला ती कळायला नको, गावाला कळायला नको. तू मात्र ऐकून घे.

वीस वर्षं झाली असतील. भंडाऱ्याला भांड्यांच्या बाजारामागे माझं दुकान, चारही बाजूंनी पितळ ठोकण्याचा आवाज. त्या ठोकाठोकीत तू आलास, रायफल जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, लायसन्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. वडील फौजेतून परत आल्यावर त्यांनी शेताच्या राखणीसाठी घेतलेली ती तीनशे पंधरा बोअरची. ते गेले आणि लायसन्स तुझ्या नावावर झालं. तुमचं घर तळ्यावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारं. बंदूक तुझ्या हातात मला विचित्रच दिसली. ती तू टेबलावर अशी ठेवलीस जणू झोपलेलं लेकरू.

"मिस्त्री, पुंगळी अटकते."

मी कोणत्याही रायफलीला तेच तीन प्रश्न विचारतो. तुलाही विचारले. "काडतूस वर येते का? पुंगळी भायेर येते का? भायेर आली तं उडते का?" मॅगझिनमधून काडतूस वरच येत नसेल तर दोष मॅगझिनच्या ओठात किंवा खालच्या स्प्रिंगमध्ये. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी नळीतून मागे येत नसेल तर दोष नखीत. नखी म्हणजे बोल्टच्या, नळीमागे पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी असलेला तो छोटा आकडा, जो पुंगळीची कड धरून तिला मागे ओढतो. आणि मागे येऊनही ती बाहेर उडत नसेल तर दोष इजेक्टरमध्ये, नाहीतर हातात. तू नीट ऐकलंस आणि म्हणालास, "येते बी, आन नाही बी येत."

मी हसलो होतो. आज सांगतो तुला, असं उत्तर ऐकून हसणारा मिस्त्री कच्चा. कायम बिघडलेली बंदूक बरी असते, मालक तिच्यावर भरवसा ठेवत नाही. कधी चालते, कधी नाही, ती घात करते. हे मी पुढे किती जणांना शिकवलं. तुझ्या वेळी मात्र दोनदा विसरलो, पहिल्यांदा तेव्हा आणि दुसऱ्यांदा आत्ता.

त्या पहिल्या खेपेला मी तुला बोल्ट ओढून दाखवायला सांगितला. तू तो इतक्या हळू ओढलास की मला तुझी जात कळली. जाळं ओढणारा हात तो. जाळ्याला झटका दिला तर मासा जातो, हे तुझ्या हाडात मुरलेलं. रायफलीचं उलटं असतं. बोल्ट शेवटपर्यंत आणि जोरात मागे गेला तरच पुंगळी इजेक्टरवर आपटते आणि बाहेर पडते. हळू ओढला की ती तिथेच आडवी होऊन बसते. मी म्हटलं, "बंदुकीत काही नाही, तुह्या हातात आहे." तू म्हणालास, "माह्या हातात नाही, तुह्या नखीत आहे." झालं, तिथून आपला वाद सुरू झाला. वीस वर्षं त्या वादानं आपली दोस्ती तगवली असं म्हणायला हरकत नाही.

एकदा तू जिंकलास हेही कबूल करतो. नखीचं टोक खरंच झिजलेलं निघालं. मी नवी बसवली. तू नुसता बघत बसलास. जाताना शिंगाड्यांची पिशवी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "हारलेल्या माणसाले खाऊ." ते शिंगाडे माझ्या बायकोनं उकडले, आणि मी रागानं दोनच खाल्ले.

मॅगझिन भरायलाही मीच तुला शिकवलं. या काडतुसांच्या बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघं एकमेकांत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकलला तरी वर काही येत नाही. वरच्याची कड नेहमी पुढे. तू एकेक काडतूस घालताना जिभेनं टक आवाज काढायचास, पाच वेळा टक, म्हणजे पाचही नीट बसली. मी तुला चिडवायचो की डुकरं हा आवाज ऐकून पळत असतील. तू म्हणायचास, पळाली तर बरंच, गोळी वाचते. खरं तर तुला डुक्कर मारायला आवडायचंच नाही. वनखात्याची परवानगी हातात असूनही तू बहुतेक वेळा हवेतच बार काढायचास. धान पिकलं की तळ्याच्या अंगाला असलेल्या तुझ्या बांध्यांत कळप उतरायचा आणि एका रात्रीत चार माणसांच्या खाण्याचा चिखल करून जायचा. तरी तू हवेतच.

मी तुला तीन नकली काडतुसं करून दिली होती. जुन्या पुंगळ्या, पुढे लाकडाची गोळी, दारू नाही. बाहेर काढण्याआधी घरी घालून बघायची, तिन्ही उडाली तर रायफल नीट. ती तू कोनाड्यात ठेवायचास. तुझी धाकटी लेक एकदा त्यांना लिपस्टिक समजली होती.

आता दसऱ्याचं बोलतो. ते टाळून चालणार नाही.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीला जातो, माझ्या आज्यापासून कधी चुकलं नाही. तुझ्या घरी त्या दिवशी रायफलीची पूजा. पाटावर आडवी ठेवायची, हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वरून अक्षता. त्या अक्षता कुंकवात आणि तुपात कालवलेल्या, कारण तुझ्या वडिलांनी तसंच केलं. तू दरवर्षी जेवायला बोलवायचास आणि मी दरवर्षी म्हणायचो, परवा येतो. परवा मी यायचो, पुरणपोळी शिळी खायचो, आणि आपण भांडायचो.

"बापानं फौजेत हेच केलं. थे कधी अटकली नाही बंदूक," तू म्हणायचास.

"फौजेत पूजा झाल्यावर साफ कराले सारी पलटण रायते. तुह्या घरी कोण आहे? बोल्ट लावून पूजा कर, एवढंच म्हणून राहिलो."

मग इंदूवहिनी आतून यायची. ती भांडायची नाही, प्रश्न विचारायची. "तोंड मिटून बसलेल्या देवाले निवद कसा दाखवावं, सांगा बरं भाऊ?" म्हणून ती बोल्ट मागे ओढलेल्या रायफलीची पूजा करायची. तोंड उघडं, म्हणजे प्रसाद आत पोचेल. तुला ओढणं हळू जमायचं, तिला अक्षता टाकणं हळू जमायचं नाही. ती भरभरून टाकायची. माझ्यासाठी ताट वाढतानाही ती तशीच वाढायची. आणि त्या घरात मी कधी परका नव्हतो. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू थट्टा केली असतीस, आणि मला ती थट्टा चालली असती.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर तू रायफल वर्षाच्या सफाईला आणलीस. मी मॅगझिन उघडलं तर तळाला कुंकू आणि तांदळाचे दोन दाणे. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत मी तुझ्यावर ओरडलो. म्हटलं, हे देवघर आहे का? म्हटलं, बंदूक आहे का आरतीचं ताट आहे? आणि वरून म्हटलं, "तुले मराचं आहे का?" तू हसलास, पण कान लाल झाले होते. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा तू रायफल गुंडाळून निघून गेलास. मी दारापर्यंत आलो नाही. मला वाटलं, बरं झालं, आता शिकेल. मी बरोबर होतो ना. बरोबर असलेल्या माणसाला मागे जायची गरज वाटत नाही.

त्यानंतर तू वर्षभर दुकानात आला नाहीस. फोनवर बोलायचास, गोड बोलायचास, पण आला नाहीस. मी विचारलं नाही. सफाई घरीच करतो, असं तू एकदा म्हणालास, आणि मी ते ठीक मानलं.

यंदा दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तुझा फोन आला. सकाळचे दहा वाजले असतील. मी नागपूरहून येऊन साचलेल्या कामांत बुडालो होतो, यंदा तुझ्याकडे जेवायलाही आलो नव्हतो. ते बोलणं मला आता शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"मिस्त्री, नकली घालून पायली. दोन उडतेत, तिसरी अटकून रायते."

"हात हलका पडते तुहा. झटका दे."

"झटकाच देऊन राहिलो ना बे."

"मंग आनखी दे."

"घेऊन येऊ का?"

"नोको येऊ. धान उभं आहे तुहं, राखण कर. पुढच्या हप्त्यात पाहू."

तू लगेच फोन ठेवला नाहीस. मला आठवतं, मागे कोंबडीचा आवाज येत होता. मी विचारलं, आनखी काही? तू म्हणालास, "नाही, काही नाही." आणि ठेवलास.

दोन उडतात आणि तिसरी अडकते. शालिक, हे ऐकून माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणीही म्हटलं असतं की रायफल आण, आत्ता आण, तोवर हात लावू नको. मी वीस वर्षांपूर्वीचा वाद पुढे रेटला. तुझा हात, तुझा हात. तुझा हात तर वीस वर्षांत कधीच सुधारला होता. ते मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं ना.

त्यानंतर आठव्या दिवशी, उजाडता उजाडता. तुझा शेजारी दूधराम पलीकडच्या धुऱ्यावर उभा होता. त्यानं मला जे सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. एकटा मोठा डुक्कर होता, कळप नव्हता. तू नेहमीसारखा ओरडलास, तो हलला नाही, उलट तुझ्याकडे वळला. तू बार काढलास. त्याच्या खांद्याला लागला असावा, कारण तो खाली बसला आणि उठला. दूधराम म्हणाला, "भाऊ, मंग शालिकभाऊ थे मागंपुढं, मागंपुढं करून राहिले होते. खट खट आवाज येऊन राहिला होता. बार काही झाला नाही." तो काठी घेऊन पळत येईपर्यंत डुक्कर निघून गेला होता आणि तुझी मांडी फाटली होती. त्यानं पंचा बांधला. गाडी मिळाली. लाखनीचा दवाखाना यायच्या आधीच तू गेलास.

तू बोल्ट झटक्यानं ओढत होतास. दूधरामला त्या आवाजाचा अर्थ कळला नाही, मला कळला. हळू ओढला तर असा आवाज येत नाही. मी सांगितलं होतं तसंच तू करत होतास.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून मला फोन आला. रायफल जप्त केली आहे, पण आत काडतूस अडकलं आहे, कोणाची हात लावायची हिंमत होत नाही, येऊन खाली करून द्या. मी गेलो. टेबलावर ती ठेवली होती, तुझ्या गावच्या चिखलासकट. चिखल वाळला होता. काही ठिकाणी तो चिखल नव्हता.

मी मॅगझिन काढलं. बोल्ट हळूच मागे घेतला. जिवंत काडतूस माझ्या तळहातावर पडलं. त्याची गोळी पुढे चेपलेली होती, कारण ते पुन्हा पुन्हा ढकललं गेलं होतं आणि पुढे जागा नव्हती. नळीत अजून तुझ्या पहिल्या बाराची रिकामी पुंगळी बसलेली होती. ती मी तोंडाकडून गज घालून बाहेर पाडली. पुंगळीच्या कडेवर नखीचा ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे नखीनं तिला धरलंच नव्हतं. तुझा हात बरोबर होता, मॅगझिन बरोबर होतं, पाचही काडतुसांच्या कडा तू नीट लावल्या होत्या. माझ्या तीन प्रश्नांपैकी फक्त मधला उरला.

भिंग लावून मी नखी बघितली. ती अर्धवट उघडी राहिली होती, मिटतच नव्हती. तिच्या बुडाशी, स्प्रिंगच्या खाचेत, काहीतरी लाल दिसलं. सुईनं उकरलं. तांदळाचा एक दाणा निघाला, कुंकवानं रंगलेला, तूप वाळून दगडासारखा झालेला. तो निघाला आणि नखी टक करून जागेवर बसली. स्प्रिंग एकदम चांगली होती. मी बसवलेली नखी होती ती.

हवालदार पंचनामा लिहीत होता. त्यानं विचारलं, "काय निंगालं?" माझ्या बोटाच्या टोकावर तो दाणा होता. मी म्हटलं, "कचरा." त्यानं लिहिलं, बोल्टमध्ये कचरा आढळून आला. आणि पुढच्या ओळीला गेला. मी दाणा खाली टाकला नाही, पुसलाही नाही. रुमालात बांधून घरी आणला आणि दोन दिवस तो खिशात ठेवून हिंडलो. मग वैनगंगेच्या पुलावरून टाकून दिला. एवढासा होता, पाण्यात पडलेला दिसलाही नाही.

त्या दोन दिवसांत मी तुझ्यावर खूप रागावलो. तुला आज खरं सांगायचं तर शिव्या दिल्या. फोनवर तू मला एक शब्द का बोलला नाहीस? पूजेत आत काही पडलं असेल का, एवढं म्हणाला असतास तर मी धावत आलो असतो. बस सोडून मोटरसायकलनं आलो असतो. तू नकली काडतुसं घालून पाहिलीस, मला लक्षणं सांगितलीस, सगळं सांगितलंस, आणि तेवढंच गिळलंस. मला हे कळेना. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होतो, की वीस वर्षांचा दोस्त मरणाच्या आठ दिवस आधी एवढी एक गोष्ट का लपवतो.

आणि दुसरा विचार त्याहून वाईट होता. वहिनीला काय सांगायचं? ती विचारणार, हे मला माहीत होतं. मी आयुष्यभर एक नियम पाळला, की बंदुकीतून जे निघालं ते मालकाला जसंच्या तसं सांगायचं, त्याला आवडो न आवडो. पण खरं सांगायचं म्हणजे काय? तुझ्या बायकोच्या दारात जाऊन म्हणायचं की वहिनी, तुमच्या हातच्या अक्षतांनी. तेही मी म्हणायचं. पूजेवरून वीस वर्षं वाद घालणाऱ्या, दसऱ्याला तुमच्या घरी न येणाऱ्या मिस्त्रीनं. ते खरं असूनही जिंकल्यासारखं झालं असतं. तुझी तिरडी उचलल्यावर मी हा वाद जिंकणार होतो, आणि मला तो जिंकायचा नव्हता.

तेरवीच्या सकाळी मी तुझ्या गावी लवकर पोचलो. मांडव घालणं चाललं होतं. वहिनी मागच्या पडवीत बसली होती, एकटीच. तिनं मला बसायला सांगितलं, आतून चहाचा कप आणून माझ्यासमोर ठेवला. तिचा आवाज बसला होता. तिनं सुरुवात कशी केली माहीत आहे? तुझ्यापासून नाही, रायफलीपासून.

"भाऊ, यंदा पूजेच्या वक्ती माह्या हातून अक्षता आत पडल्या. मी पायल्या पडताना. यायले म्हटलं, मिस्त्रीभाऊले दाखवून घ्या एक डाव. तं म्हणे, मिस्त्रीले नोको सांगू पूजेचं. वरडते थो. चार लोकायत वरडते."

शालिक, त्या वेळी मी कुठे बघत होतो ते आठवत नाही. मांडवाच्या बल्ल्या पुरत होते, कोणीतरी दोरी मागत होतं. मला माझं उत्तर मिळालं होतं. तू लपवलं नव्हतंस. मी तुझं तोंड बंद केलं होतं, एक वर्ष आधी, तीन गिऱ्हाइकांसमोर, आणि तू शहाण्या माणसासारखा ते बंदच ठेवलंस. फोनवर कोंबडीच्या आवाजात जी जागा रिकामी होती, तिथे तू ते गिळलंस.

मग तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, लुगड्याच्या काठाशी बोटं चाळवत. "खरं सांगा भाऊ. आत तांदूळ होता का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. नव्हता."

"मंग काहून अटकली?"

"स्प्रिंग बसली होती नखीची. जुनी झाली होती. पूजेचं काही नाही. पूजेनं बंदूक बिघडत नाही." माझा आवाज मलाच नीट वाटला, मिस्त्रीचा, गिऱ्हाइकाला समजावणारा. "माह्यीच चूक होय. त्यानं मले फोन केला होता, दसऱ्याच्या चार दिवसानं. अटकते म्हणे, घेऊन येऊ का म्हणे. मी नोको म्हटलं."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "नोको म्हटलं?"

"हाव."

"त्यायनं इचारलं, येऊ का, आन तुमी नोको म्हटलं."

"हाव वहिनी. राखण कर म्हटलं."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि दुसरं काहीतरी चढलं, ते दोन्ही मला दिसलं. उतरलं ते बघायला मी आलो होतो. जे चढलं ते माझ्यासाठी होतं. तिनं माझ्यापुढचा कप उचलला, मी त्याला हात लावला नव्हता, आणि आत नेला. तुझ्या घरात माझा कप कधी वेगळा नव्हता, शालिक, आणि कधी मागेही घेतला गेला नव्हता. आतून मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. मग ती दाराशी येऊन म्हणाली, "जा भाऊ तुमी. आमच्या घरी नोका येऊ आता." तिनं आवाज चढवला नाही. तिच्या जागी मी असतो तर चढवला असता.

मी न जेवता निघालो. दूधराम मागून हाक मारत आला, मी काम आहे म्हटलं. फाट्यापर्यंत चालत आलो. हायवेवर एकामागून एक ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि मी एसटीची वाट बघत उभा होतो. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी हलकंही वाटत होतं. त्या हलकं वाटण्याची मला लाज वाटली. मी पूर्ण खोटं बोललो नव्हतो हे मला माहीत होतं. दाणा तिचा होता, पण तो तिथे आठ दिवस राहिला तो माझ्यामुळे. नियम मात्र मोडला. बंदुकीबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि तेही तुझ्या बंदुकीबद्दल.

तुझी आठवण मला कामात येते, हातात बोल्ट आला की येते. कोणी म्हणतं, पुंगळी अडकते, आणि मी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. परवा आसपासच्या गावातला एक जण एकनळी घेऊन आला. मी त्याला आधी पाणी दिलं आणि विचारलं, "घरी पूजा करता का हिची?" तो दचकला, मग लाजून हो म्हणाला. मी म्हटलं, करा, पण झाल्यावर माझ्याकडे घेऊन या, मी रागावणार नाही. माझ्या तोंडून हे वाक्य निघायला तुला जावं लागलं.

तुझ्या रायफलीचं आता काय होईल ते ठाण्याचे लोक ठरवतील. मला ती नको आहे. मला तुझ्याशी वाद घालायला माणूस हवा होता, तो गेला. वीस वर्षं तू मला एकच वाक्य म्हणायला लावायचा प्रयत्न करत होतास, की पूजेनं बंदूक बिघडत नाही. ते मी तुझ्या पडवीत, तुझ्या बायकोसमोर, मान खाली न घालता म्हटलं. कोणी विचारलं तर पुन्हा म्हणेन. वहिनीचा राग माझ्यावर आहे, तो असू दे, मी तो आयुष्यभर धरून ठेवीन. पुढच्या दसऱ्याला ती देवापुढे बसेल आणि मुठीत अक्षता घेईल, तेव्हा तिला स्वतःच्या हाताची भीती वाटू नये.